एका मिलिमीटरचं प्रकरण: खानापूरच्या तीन जुन्या लेन्स

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या एका फोटो स्टुडिओला गणेशचतुर्थीचं एक काम आलं. गिऱ्हाईक म्हणजे जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवरचं एक मोठं कुटुंब. मुंबई, पुणे, गोवा, बेळगाव असे पांगलेले सगळे चतुर्थीला गावी येतात. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाचा एकेक मोठा फोटो हवा होता, भिंतीवर लावायच्या मापाचा. अटी दोन. फ्लॅश मारायचा नाही, आणि माणसं घरातच, आपापल्या जागी बसलेली हवीत. मागे पडदा वगैरे काही नको. सोप्यात पणजोबांचा एक काळापांढरा फोटो आहे, खिडकीच्या उजेडात काढलेला. तसं हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि तो फोटो याच स्टुडिओच्या जुन्या मालकांनी काढलेला.

जुने मालक, म्हणजे अप्पा, आता दुकानात नुसते बसायला येतात. धंदा मुलगा बघतो. मुलाकडे निकॉन डी७२०० कॅमेरा, लग्नकामाचा झूम, एक ऑटोफोकस ३५ मिमी एफ/१.८ आणि दोन फ्लॅश. घर कौलारू, चिऱ्याच्या भिंती, खिडक्या लहान, बाहेर पाऊस. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं: झूमचं तोंड एफ/५.६ पर्यंतच उघडतं तिथे एफ/२ ची लेन्स आठपट उजेड घेते. तेव्हा अप्पा म्हणाले, "कपाटात हायत की तीन. काढ बाहेर."

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतो. मायक्रोमीटर, डायल गेज, सरफेस प्लेट (मोजमापाची अगदी सपाट लादी) हे माझं रोजचं, कॅमेरा रविवारचा. मुलगा माझ्याकडे आला तो फोटोग्राफीसाठी नव्हे, लेन्स कॅमेऱ्याला जोडायची एक रिंग मोजून घ्यायला. तिथून मी या कामात शिरलो, आणि चतुर्थीलाही त्यांच्याबरोबर गेलो. जुन्या लेन्सचा विषय निघाला की लोक 'कॅरेक्टर' आणि 'जादू' यांवर फार बोलतात. इथे कामाचा बराचसा वेळ बुरशी, ग्रीस आणि मिलिमीटरचे अंश यांतच गेला, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय.

कपाटात काय निघालं

पहिली हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२, झेनिट कॅमेऱ्याबरोबर आलेली. सोव्हिएत रशियाशी रुपयांत व्यापार चालायचा तेव्हा झेनिट आपल्याकडे परवडायचा, त्यामुळे जुन्या स्टुडिओच्या अडगळीत हेलिओस सापडली तर नवल नाही. हिची रचना मुळात जर्मन झाइसच्या बायोटारची: सहा काचा, चार गट, आठ पात्यांचं, उजेड कमी-जास्त करणारं अ‍ॅपर्चर. दुसरी निक्कॉर १०५ मिमी एफ/२.५, अप्पांची आवडती. तिसरी सुपर-टेकुमार ५० मिमी एफ/१.४, पेंटॅक्सची, कुणा नातलगाने बाहेरून आणून दिलेली. हेलिओस आणि टेकुमार दोन्ही एम४२ माउंटच्या (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर बसायची बैठक), म्हणजे ४२ मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे आटे. निक्कॉरला निकॉनचं बायोनेट, म्हणजे पाकळ्या खाचेत फिरवून अडकवायची बैठक.

तिन्ही चामडी कव्हरात, कव्हरं लाकडी कपाटात, कपाट पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकवलेलं. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. चामडं कुठलं वाळणार? चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खायलाही होतं. लेन्स जपायची म्हणून कव्हरात घालतात आणि तिथेच ती सडते.

तपासायची पद्धत सोपी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावायचा आणि दुसऱ्या बाजूने जरा तिरकं बघायचं. सरळ बघितलं तर सगळ्याच लेन्स स्वच्छ दिसतात. निक्कॉरच्या पुढच्या काचेच्या आत, कडेला, जाळ्यासारखी बुरशी होती. हेलिओसची काच चांगली, पण फोकसची रिंग इतकी घट्ट की दोन्ही हातांनी फिरवावी लागे. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. टेकुमारला बुरशी नव्हती, पण पांढऱ्या कागदावर धरली तर काच चक्क पिवळी.

या पिवळेपणाचं कारण कागदोपत्री माहीत असलेलं आहे. त्या काळात काही लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड घालायचे, कारण त्याने काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि रंग फार फाकत नाहीत. थोरियम किरणोत्सारी. वर्षानुवर्षं त्याचे किरण काचेतच जिरतात आणि काच पिवळी पडते. त्याची मात्रा थोडी असते. लेन्स वापरायला हरकत नाही, पण ती उघडून काच घासायच्या भानगडीत पडू नये. अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. लोक उन्हात ठेवतात. श्रावणात खानापूरला ऊन कुठून आणायचं? मुलाने ओळखीच्या ब्युटी पार्लरमधून नखांचं जेल सुकवायचा यूव्ही दिवा आणला, लेन्सची मागची बाजू दिव्याकडे करून, भोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून रोज रात्री ठेवायला लागला. रंग हळूहळू फिका झाला. खरं सांगायचं तर एवढा खटाटोप गरजेचा नव्हता. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) बदलला की पिवळा रंग जातो. नुकसान होतं ते थोड्या उजेडाचं. पण अप्पांना ती पिवळी काच बघवत नव्हती.

निक्कॉर आणि हेलिओस बेळगावच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे दिल्या. निक्कॉरची पुढची काच काढून त्याने बुरशी पुसली. हे लोक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं मिश्रण वापरतात. बुरशी गेली, पण जिथे ती जुनी होती तिथे कोटिंगवर फिकट नक्षी राहिली. ती जात नाही. समोरून उजेड आला तरच ती नडते, एरवी फोटोत दिसत नाही. हेलिओसचं ग्रीस काढून नवं भरलं. एक सल्ला त्याच्याकडून मिळाला तो इथे नोंदवतो: जपानी लेन्सचे स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाने काढू नयेत. ते जेआयएस (जपानी मानकाच्या) मापाचे असतात, फिलिप्सचं टोक त्यांत पूर्ण बसत नाही आणि डोकं खराब होतं. घरच्या घरी उघडलेल्या बहुतेक लेन्स त्याच्याकडे येतात त्या असल्या चेपलेल्या स्क्रूंसकट.

निकॉनवर किती चाललं

निक्कॉरचं काम सरळ होतं. ती १९७७ नंतरची, एआय प्रकारची. अ‍ॅपर्चरच्या आकड्यांची मागे आणखी एक बारीक ओळ असते आणि वरच्या 'कानांना' भोकं असतात, त्यावरून ओळखायची. त्याआधीच्या, न बदललेल्या लेन्स डी७२०० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने बसवू नयेत. माउंटजवळची छोटी खिटी मोडते. डी७२०० च्या मेनूत 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' (जुन्या लेन्सची माहिती भरायची जागा) आहे. तिथे १०५ आणि २.५ भरलं की उजेड मोजणारा मीटर चालतो. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत हे नाही. तिथे मीटरच मरतो आणि अंदाजाने काढावं लागतं.

अडचण दोन बाजूंनी आली. डी७२०० चा सेन्सर लहान, त्यामुळे १०५ ची लेन्स १५७ सारखी वागते. तीन मीटरवरून उभ्या चौकटीत जेमतेम ६७ सेंटिमीटर उंची मावते, म्हणजे डोकं आणि खांदे. घर, खिडकी, मागचं कपाट यांतलं काही येत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर घरासकट माणूस हवा होता. दुसरी अडचण फोकसची. आजच्या डीएसएलआरचा (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याचा) व्ह्यूफाइंडर उजळ दिसावा म्हणून बनवलेला असतो, हाताने फोकस करण्यासाठी नाही. एफ/२.५ पेक्षा मोठ्या तोंडाची लेन्स लावली तरी त्यात तिच्या फोकसचा खरा उथळपणा दिसत नाही. फोकस बसल्याचं सांगणाऱ्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर विसंबलं तर दहातले काही फोटो बसतात, काही नाकाच्या शेंड्यावर जातात. अप्पांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या काचेत मधोमध दुभंगणारं वर्तुळ होतं. ते इथे नाही, त्यामुळे अप्पांची पन्नास वर्षांची सवयही इथे उपयोगी पडली नाही.

हेलिओसचं तर गणितच जमेना. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२ ला ते ४५.४६ मिमी. निकॉनला ४६.५. म्हणजे एम४२ लेन्स सेन्सरपासून जितकी जवळ हवी त्यापेक्षा निकॉनची बैठकच १.०४ मिमी लांब. मध्ये कागदाइतकी पातळ रिंग लावली तरी हा फरक भरून निघत नाही, कारण रिंग अंतर वाढवते, कमी करत नाही. मुलाने आणलेल्या रिंगची स्वतःची जाडी धरून हेलिओस सुमारे दोन मिलिमीटर पुढे बसत होती. ५८ मिमीच्या लेन्सला याचा अर्थ असा, की पावणेदोन मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट होत नाही.

"अप्पा, लांबचं काहीच धरंना झालंय," मुलगा म्हणाला.

"लेन्स धरत्या रे. कॅमेरा धरंना झालाय."

अप्पांचं बरोबर होतं. यावर बाजारात एक तोड मिळते: रिंगमध्येच एक छोटी काच बसवलेली असते, ती फोकस मागे ढकलते. तीही आणली. लांबचं दिसायला लागलं, पण एफ/२ ला सगळ्यावर धुकं आलं. लेन्सच्या सहा काचा कुणीतरी विचार करून बसवलेल्या. त्यांच्यामागे शंभर-दोनशे रुपयांची सातवी काच लावून दुसरं काय होणार? आणि हीच रिंग लावून फोटो काढून 'हेलिओस भुरकट असते' असं मत करून घेणारे मी पाहिलेत.

म्हणून मिररलेस. आरसा नसल्याने या कॅमेऱ्यांत बैठक सेन्सरच्या अगदी जवळ असते. सोनीच्या ई माउंटला १८ मिमी. त्यामुळे एम४२ साठी २७.४६ मिमीचा आणि निकॉनसाठी २८.५ मिमीचा नुसता पोकळ अडॅप्टर (जोडणारी रिंग) पुरतो, काच लागत नाही. लग्नाच्या धंद्यातल्या एका मित्राकडून वापरलेला सोनी ए७ टू मिळाला. सेन्सर पूर्ण फ्रेमचा, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, २४ मेगापिक्सेलचा, आणि हात हलला तर सावरणारी व्यवस्था बॉडीतच. दोन अडॅप्टर स्वस्तातले मागवले. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं, नाहीतर कॅमेरा लेन्सच नाही असं समजून क्लिक करायला नकार देतो.

अडॅप्टर मोजला तेव्हा

मुलाने दुकानामागच्या चिऱ्याच्या भिंतीवर चाचणी घेतली. भिंत टेस्ट चार्टपेक्षा बरी. चिऱ्याची भोकं कुठे स्पष्ट आहेत ते लगेच कळतं. निक्कॉरला चौकटीच्या दोन्ही कडा सारख्या. हेलिओसला एफ/२ ला उजवी बाजू चांगली, डावी मऊ. एफ/८ ला दोन्ही ठीक.

लेन्स खराब आहे असं इथे बहुतेक जण ठरवून टाकतात. मुलाने तसं केलं नाही, हे मला आवडलं. या अडॅप्टरमध्ये तीन बारीक ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू असतात. आटे घट्ट झाल्यावर लेन्सची खूण भलतीकडे राहते, ती वर आणण्यासाठी ते ढिले करून आतली रिंग फिरवता येते. त्याने तीच रिंग अर्धा फेरा फिरवली. लेन्स उलटी झाली, पण मऊ बाजू डावीच राहिली. लेन्स दोषी असती तर मऊपणा तिच्याबरोबर उजवीकडे गेला असता. कॅमेरा दोषी म्हणावा, तर दुसऱ्या अडॅप्टरवर निक्कॉर नीट चालत होती. उरला एम४२ चा अडॅप्टर. तो खिशात घालून मुलगा उद्यमबागेत आला.

बायोनेटच्या पाकळ्या खाली येतात, त्यामुळे अडॅप्टर सरफेस प्लेटवर थेट बसत नाही. दोन्ही अंगांनी ग्राइंड केलेल्या एका रिंगवर तो ठेवला आणि वरून डायल फिरवला. एका बाजूला २७.४०, समोरच्या बाजूला २७.२८. हवं होतं २७.४६.

या दोन चुका वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचं गांभीर्यही सारखं नाही. सरासरी उंची कमी असणं हे बहुधा मुद्दाम असतं. अडॅप्टर कमी जाडीचा असला तर लेन्स इन्फिनिटीच्या (अगदी लांबच्या फोकसच्या) थोडी पलीकडे जाते. जास्त जाडीचा असला तर इन्फिनिटीपर्यंत पोहोचतच नाही आणि गिऱ्हाईक माल परत करतं. म्हणून बनवणारे थोडं कमीच ठेवतात. ०.१२ मिमी कमी असेल तर या हेलिओसवर २८ मीटरच्या आसपासच इन्फिनिटी येते, लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडतात. समोर पडद्यावर बघून फोकस करणाऱ्याला त्याने काही होत नाही.

तिरपेपणा मात्र सतावतो. ही बैठक साधारण ६० मिमी व्यासाची. तिच्यावर ०.१२ चा फरक म्हणजे सेन्सरच्या ३६ मिमी रुंदीवर सुमारे ०.०७. मध्यापासून एका कडेला ०.०३५ पुढे, दुसऱ्या कडेला तेवढंच मागे. ए७ टू चा एक पिक्सेल सहा मायक्रॉनचा. दोन पिक्सेलपर्यंतचा पसरटपणा चालवून घ्यायचा म्हटलं तर एफ/२ ला सूट मिळते ती फक्त ०.०२४ मिमीची. एफ/८ ला ती चौपट होते, म्हणून तिथे दोष झाकला जातो. फिल्मच्या काळात हे कुणाला दिसलं नसतं. फिल्म स्वतःच इतकी सपाट नसायची आणि पोस्टकार्ड प्रिंटला कोण भिंग लावतो? २४ इंची प्रिंट काढायची, चेहरा चौकटीच्या कडेला खिडकीजवळ आणि अ‍ॅपर्चर उघडं, अशा कामाला मात्र हे चालणार नव्हतं.

आमच्या शेडमधला टर्नर हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल करतो. तिथे काही मायक्रॉनच्या फटीवर माल पास-नापास होतो. त्याने अडॅप्टर उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "दहा मायक्रॉनला गिऱ्हाईक आमचं डोकं खातंय, आणि तुम्ही शंभरासाठी तोंड पाडून आलाय व्हय?"

मागची पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली होती. ती काढली तर खाली रंगाचा थर एका बाजूला जाड आणि कास्टिंगची बर (खरखरीत कड) तशीच. लेथवर हलका फेस घेतला (तोंड सपाट कापलं), सगळीकडे २७.२८ झालं. मग पितळी शिम (पातळ पत्रा), ०.१५ ची, पट्टीच्या मापात कापून खाली घातली. २७.४३, आणि फिरवून बघितलं तर फरक दोन शतांशाच्या आत. ०.०३ कमी आम्ही जाणूनबुजून ठेवलं. शेवटी अडॅप्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, ब्लोअरने फुंकून, पुन्हा धुतला. अ‍ॅल्युमिनियमचा एक कण सेन्सरवर गेला तर हे सगळं महागात पडलं असतं. आतून चकाकत होतं तिथे मॅट काळा रंग दिला. स्वस्त अडॅप्टरची आतली चकाकी फोटोवर पांढरा पडदा आणते, हे फारसं कुणी तपासत नाही.

परत चिऱ्याची भिंत. डावी-उजवी सारखी.

चतुर्थीचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी माजघरातल्या खिडकीपाशी पाट मांडला. पाऊस चालू, उजेड मंद पण एकसारखा. आयएसओ १६००, एफ/२.८, १/१२५. शटर याहून हळू ठेवायचं नाही असं आधीच ठरलं होतं. बॉडीतली व्यवस्था फोटोग्राफरचा हात सावरते; ऐंशी वर्षांच्या आजोबांची मान थरथरते ती नाही सावरत.

पहिलाच घोळ फोकस पीकिंगने केला. स्पष्ट असलेल्या कडांवर कॅमेरा रंगीत रेषा दाखवतो, ते हे. नव्याला वाटतं की आता हाताचा फोकस सोपा झाला. पण पीकिंगला डोळा कळत नाही, त्याला फक्त उठावदार कडा कळतात. इरकली लुगड्याचा काठ, चष्म्याची चौकट, पाटाची कड, हे सगळं आधी चमकतं. थोरल्या आज्जींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःचा फोटो बघितला आणि म्हणाल्या, "चष्मा झकास आलाय की रे. माझं डोळं कुठं गेलं?"

हेलिओसला दीड मीटरवर एफ/२.८ ला चालण्याजोगी खोली (जेवढ्या अंतरात सगळं स्पष्ट दिसतं ती) ११ सेंटिमीटर, आणि ती जुन्या, सैल हिशेबाने. मोठ्या प्रिंटला निम्मीच धरावी. त्यानंतर मुलाने पीकिंग बंद केलं. एका बटणावर मोठं करून बघायची सोय लावली, दर वेळी कॅमेऱ्याजवळचा डोळा मोठा करून फोकस धरायचा आणि मगच क्लिक. हेलिओस ४४-२ ला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात: एकीवर आकडा ठरवून ठेवायचा, दुसरी उघडझाप करते. जुनी पद्धत अशी, की उघड्या तोंडावर फोकस करायचा आणि न बघता ठरल्या आकड्यापर्यंत बंद करायचं. अप्पा तसंच सांगत होते. पण असल्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर मिटताना फोकस किंचित सरकतो. मिररलेसवर ज्या आकड्यावर फोटो काढायचा त्याच आकड्यावर फोकस करता येतो, पडदा काळा पडत नाही, तेव्हा तेच करावं. यावर अप्पांचं आणि माझं थोडं वाजलं.

दुसरा घोळ लेन्स बदलताना झाला. सावरणीच्या व्यवस्थेला लेन्स किती मिमीची ते हाताने सांगावं लागतं. निक्कॉर काढून हेलिओस लावली, मेनूत आकडा १०५ च राहिला. सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलत राहिला आणि सलग काही फोटो दुहेरी झाले. कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही, तो तक्रार कशी करणार? तिथून अप्पांनी वही घेतली. फिल्मच्या काळात रोलमागे रजिस्टर ठेवायचे तसंच: फ्रेमचा आकडा, लेन्स, अ‍ॅपर्चर, कोण बसलंय. लेन्स बदलली की तेच ओरडायचे, "आकडा बदल!" हीच वही नंतर फाइलमध्ये माहिती भरायला कामी आली, कारण असल्या फोटोंत अ‍ॅपर्चरची जागा रिकामीच राहते. मुलाने एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने ती भरली.

मोठ्या सोप्यात निक्कॉर वापरली. पूर्ण फ्रेमवर तीन मीटरवरून उभ्या चौकटीत मीटरभर उंची मावते: माणूस मांडीपर्यंत आणि बाजूची खिडकी. एफ/४ ला खोली वीसेक सेंटिमीटर, म्हणजे टोपीपासून हातापर्यंत सगळं सुरक्षित. माझ्या मते या कामातले चांगले फोटो तिचेच आहेत. तिच्याबद्दल सांगण्यासारखं मात्र काही नाही; ती गुपचूप काम करते.

सांगण्यासारखं हेलिओसकडे असतं. पडवीत बसलेल्या काकांचा फोटो एफ/२ ला काढला, मागे परड्यातली ओली झाडं. काका बघून म्हणाले, "मागची झाडं अशी गरगर का फिराय लागल्यात?" हेच ते प्रसिद्ध भोवऱ्यासारखं पार्श्वभूमीचं वळण. चौकटीच्या कडेला उजेडाचे गोल ठिपके लेन्सच्या नळीमुळे कापले जातात, मांजराच्या डोळ्यासारखे होतात आणि मध्याभोवती वर्तुळात लागतात. ते दिसायला मागे पानं-ठिपके हवेत, अंतर विशिष्ट हवं, आणि सेन्सर मोठा हवा. लहान सेन्सर नेमका तोच भाग कापून टाकतो. माजघरात मागे काळोख होता, तिथे काहीही फिरलं नाही. काकांना तो फोटो नको होता. निक्कॉरने दुसरा काढला.

मखराजवळ एलईडीच्या माळा होत्या. हेलिओसचं कोटिंग जुनं, बाजूने उजेड शिरला की काळ्याचं करडं होतं. काळ्या कागदाचं नळकांडं करून पुढे लावलं तेव्हा बरं झालं. माळांचा लुकलुकाट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा होतो, म्हणून आधीचं ठरलेलं मोडून तिथे तेवढं शटर १/१०० वर ठेवलं. नाहीतर पट्टे येतात.

आरतीला तिन्ही लेन्स पिशवीत गेल्या. टाळ, झांजा, पोरं मध्ये घुसतायत, निरांजन हलतंय. तिथे मोठं करून डोळा शोधायला वेळ कुणाला? कौलारू छताला फ्लॅश आपटून परतही येत नाही. मुलाने निकॉनवर ऑटोफोकसची ३५ लावली आणि काम भागवलं. अप्पांना ते फारसं आवडलं नाही, पण ते काही बोललेही नाहीत.

टेकुमार एवढ्या सेवेनंतर जेमतेम वापरली गेली. एफ/१.४ ला चेहऱ्यावर मऊ चमक येते, ती सुनांना आवडली. सासवांना आवडली नाही.

हिशेब

प्रिंट १६ बाय २४ इंच काढल्या. लांब बाजूला ६००० पिक्सेल, म्हणजे इंचाला २५०. पुरेसं. हेलिओसच्या फाइलींत काळा रंग उथळ येतो, तो थोडा खाली ओढावा लागला; निक्कॉरच्या जवळपास आहेत तशा गेल्या. सोप्यातल्या पणजोबांच्या फोटोशेजारी ठेवल्यावर घरच्यांनी 'तसाच आलाय' म्हटलं. माझं प्रामाणिक मत विचारलं तर त्या साम्यात लेन्सचा वाटा चाराण्याचा. बाकी एकाच खिडकीचा उजेड, फ्लॅशची सुट्टी, आणि फोकस धरायला लागणारा तो अर्धा-एक मिनिट, ज्यात बसलेला माणूस हसरा चेहरा धरून ठेवायचं विसरतो. नवी ऑटोफोकसची ५० मिमी एफ/१.८ घेतली असती तर दुरुस्ती, दोन अडॅप्टर, दिवा आणि माझ्या शेडमधले दोन चहा यांच्यापेक्षा फार जास्त खर्च झाला नसता आणि डोकेदुखी अजिबात झाली नसती. ज्याच्या घरात जुन्या लेन्स आधीच आहेत आणि ज्याचं गिऱ्हाईक स्वस्थ बसणार आहे, त्याने हा उद्योग करावा. फक्त ऐकून विकत घेऊ नयेत, आणि लग्नाला तर नेऊच नयेत.

लेन्स आता चामड्यातून बाहेर आल्यात. झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवायचा. साठच्या वर बुरशीला बळ येतं, आणि फार कोरडं केलं तर ग्रीस वाळतं. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर गरम करून परत वापरतात. निक्कॉरला तिचा अडॅप्टर कायमचा चिकटलेला आहे. हेलिओस आणि टेकुमार मात्र त्या एकाच शिम घातलेल्या अडॅप्टरवर आलटून-पालटून बसतात, आणि दर वेळी आटे फिरवताना मुलाला तो झिजायची भीती वाटते. त्याने टेकुमार विकायचं काढलं होतं. अप्पांनी नाही म्हटलं. त्यामुळे दुसरा अडॅप्टर मागवलाय, आणि तो कॅमेऱ्याला लागायच्या आधी आमच्या सरफेस प्लेटवर येणार आहे.